‘मेड इट’ म्हणजे नेमके कुठे पोहोचणे?

गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर ‘शी मेड इट टू द फायनल’ हे वाक्य लिहिले आणि त्याचे मराठी करायला सांगितले. वाक्यातला एकही शब्द अवघड नव्हता. पाचवीतल्या मुलालाही ते सुटे सुटे येतात. तरीही गोळा केलेल्या वह्यांपैकी बहुतेकींत एकच उत्तर होते, ‘तिने ते अंतिम फेरीसाठी बनवले.’ काय बनवले, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. फक्त मागच्या बाकावरच्या, खो-खो खेळणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, ‘ती फायनलला गेली.’ हे तू कसे ठरवलेस असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मॅडम, आम्ही सेमीफायनल जिंकल्यावर घरी फोन करून असंच सांगतो.’’

तिचे उत्तर बरोबर होते आणि त्यामागचे कारणही बरोबर होते. ती शब्दांपाशी थांबली नव्हती. त्या वाक्यातली मुलगी कुठे निघाली होती, हे तिने आधी मनाशी पाहिले आणि मग आपल्या बोलण्यातले वाक्य उचलले. मी सोलापुरात 27 वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि ‘मेक इट’ या दोन शब्दांनी मला जितका विचार करायला लावला तितका एखाद्या जड ग्रंथातल्या शब्दानेही लावला नसेल. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते पुढे येईल.

इंग्रजी बोलणारी माणसे हे शब्द दिवसभर वापरतात आणि त्यांना त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. धावतपळत स्टेशनवर येऊन गाडीत चढलेला माणूस धापा टाकत ‘वी मेड इट’ म्हणतो. रविवारी जेवायला येशील का, हे विचारताना ‘कॅन यू मेक इट?’ म्हणतात आणि यायचे नसेल तर ‘आय कान्ट मेक इट’ एवढे पुरते. कारण सांगावे लागत नाही. संघात निवड झाली की खेळाडूने ‘मेड द टीम’. एखाद्या नटाचे नाव झाले, पैसा आला, की ‘ही हॅज मेड इट’. कठीण हिवाळा कसाबसा निघाला, तरी ‘वी मेड इट थ्रू’. चहा सांगताना एकाचे दोन करायचे असतील तर ‘मेक इट टू’. ब्रिटनमध्ये तर घड्याळात किती वाजले हे विचारतानाही ‘व्हॉट टाइम डू यू मेक इट?’ असे म्हणतात, म्हणजे तुझ्या हिशेबाने किती झाले. आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना कोणीतरी हलक्या आवाजात सांगते, ‘ही डिडन्ट मेक इट.’ गाडी, जेवण, संघ, कीर्ती आणि प्राण, सगळ्यांना तेच दोन शब्द.

‘मेक’चा मूळ अर्थ करणे, घडवणे, बनवणे हाच. मग त्याला पोहोचण्याचा अर्थ कसा चिकटला? एक धागा खलाशांच्या बोलीत स्पष्ट दिसतो. जहाजाने बंदर ‘मेक’ केले म्हणजे बंदर गाठले. कित्येक दिवस नुसते पाणी पाहिल्यावर दूरवर जमिनीची रेघ दिसली, की त्यालाही ‘मेक लँड’ म्हणत. शिडाच्या जहाजाचा प्रवास वाऱ्यावर अवलंबून असे आणि बंदराला लागणे हे गृहीत धरण्यासारखे काम नव्हते. ते खरोखरच करून दाखवावे लागे. त्या बेटावरच्या लोकांच्या भाषेत समुद्र किती खोल मुरला आहे, याची ही एकच खूण नाही. ‘अराइव्ह’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘रीपा’ आहे, म्हणजे काठ, किनारा. काठाला लागणे ते ‘अराइव्ह’. ‘ऑपॉर्च्युनिटी’च्या पोटातही ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आहे, बंदराच्या दिशेने वाहणारा अनुकूल वारा. फ्रेंच माणूस तर एखादी गोष्ट आपल्याला जमत नाही हे सांगायला आजही ‘पोहोचणे’ हेच क्रियापद वापरतो.

अकरावीच्या वर्गात मी हे सगळे सांगत नाही, कारण तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. पण घरी हे वाचत बसले असताना मला आमच्या शेजारच्या अक्का आठवल्या. आम्ही साखर पेठेजवळ राहतो. हा शहराचा पूर्व भाग. कित्येक पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची येथे मोठी वस्ती आहे आणि मागाचा खटखटाट ऐकत मोठी झालेली माझ्यासारखी अनेक मराठी मुले तेलुगूतले पाच-पन्नास शब्द न शिकताच शिकली. अक्का विड्या वळतात. संध्याकाळी दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. पत्र्याच्या साच्याने तेंदूचे पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन बोटांत गुंडाळी करून टोक दुमडायचे आणि दोऱ्याचा वेढा द्यायचा, हे बोलता बोलता चाललेले असते आणि नजर सुपाकडे नसते. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे कर्ज फिटले त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून पेढा दिला आणि म्हणाल्या, ‘‘एट्लनो गट्टेक्किनम्.’’ ‘गट्टु’ म्हणजे बांध, काठ. ‘एक्कु’ म्हणजे चढणे. कसेबसे काठावर चढलो.

मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. आपणही काम ‘तडीस’ नेतो, आणि तड म्हणजे काठच. ज्याला आपण थडी म्हणतो, भीमाथडी, गंगथडी म्हणतो, त्याच गोतातला शब्द. आमच्याकडे दूध घालायला येणारे मामा अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. त्यांना विचारले तर त्यांनीही ‘दड सेरु’ सांगितले. दड म्हणजे काठ आणि सेरु म्हणजे पोहोचणे. सोलापूर शहरातून नदी वाहत नाही. सीना आणि भीमा बाहेरून जातात, आणि गावात पाणी म्हणून डोळ्यांसमोर येते ते सिद्धेश्वराचे तळे. अशा कोरड्या गावात तीन भाषा बोलणारी माणसे एकाच आळीत राहतात आणि तिघांच्याही तोंडी संकटातून सुटणे म्हणजे पाण्यातून काठाला लागणे आहे. खलाशाची गोष्ट सांगायला मला लॅटिनपर्यंत जायची गरज नव्हती, हे त्या दिवशी कळले. आता वर्गात मी अक्कांच्या वाक्यापासून सुरुवात करते. निम्म्या वर्गाला तेलुगू येते, त्यांचे डोळे लगेच चमकतात.

मात्र एका ठिकाणी इंग्रजी वेगळी वाट धरते, आणि माझ्या मते ‘मेक इट’ची सगळी अडचण तिथेच आहे. ती अडचण ‘मेक’मध्ये नाही, ‘इट’मध्ये आहे. ‘ते’ म्हणजे काय, हे त्या वाक्यात कुठेच सांगितलेले नसते. बोलणाऱ्याने धरलेले असते की ऐकणाऱ्याला कुठे पोहोचायचे होते हे ठाऊक आहे. इंग्रजीत असे रिकामे ‘इट’ पुष्कळ आहे; पाऊस पडतो तेव्हा ‘इट’ पडते आणि कोणी पाय लावून पळतो तेव्हा ‘लेग इट’ करतो. पण पावसाच्या वाक्यात त्या रिकामेपणाने काही बिघडत नाही. ‘मेक इट’मध्ये सगळा मुक्काम त्या दीड अक्षरात लपलेला असतो.

मराठीत असे लपवता येत नाही. ‘वी मेड इट’चे मराठी करायचे, तर आधी ठरवावे लागते की काय घडले. गाडीची गोष्ट असेल तर ‘गाडी मिळाली’. परीक्षेची असेल तर ‘निघालो एकदाचे’. डोंगरावरच्या देवळाची असेल तर ‘पोचलो बाई’. जेवणाच्या आमंत्रणाची असेल तर ‘जमवलं’. हिवाळ्याची असेल तर ‘निभावलं’. अपघाताची असेल तर ‘वाचलो’. एका ‘इट’साठी सहा क्रियापदे लागतात आणि त्यांतले एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

त्यातल्या त्यात ‘जमणे’ हे ‘मेक इट’च्या सर्वांत जवळचे आहे आणि शब्दकोशात ते सहसा तिथे दिलेले नसते, याची मला हळहळ वाटते. ‘उद्या जमेल का?’ हे ‘कॅन यू मेक इट टुमॉरो?’चे तंतोतंत मराठी आहे. नाही जमणार म्हटले की तेवढे पुरते, कारण विचारले जात नाही. पुरणपोळी पहिल्यांदा नीट झाली की ‘जमली’, पोराला पोहता आले की ‘जमलं’, दोन घरांचे बोलणे पुरे झाले की लग्न ‘जमले’. पण वाक्याचा कर्ता पाहावा. इंग्रजीत ‘आय मेड इट’. मी केले, मी गाठले. मराठीत ‘मला जमलं’. करणारा ‘मी’ बाजूला सरतो, चतुर्थीत जाऊन बसतो, आणि जमते ती गोष्ट. गाडीच्या बाबतीत तर आपण याहून पुढे जातो. आपल्याकडे माणूस उशिरा आला तरी चुकते ती गाडी! पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी मला ‘मॅडम, गाडी चुकली’ असे कळवले आहे, आणि गाडी बिचारी वेळेवरच सुटलेली होती.

ही लकब मला फार प्रिय आहे. माझी आत्या आयुष्यभर वारी करत आली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्याने शेवटच्या टप्प्यात तिला भेटायला आम्ही वाखरीपर्यंत जायचो. एका वर्षी तिचे गुडघे फार सुजले होते. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे तिला शक्य नव्हते, म्हणून चंद्रभागेत स्नान करून आणि वाळवंटातूनच देवळाच्या कळसाला हात जोडून ती परत फिरली. विठ्ठलाची मूर्ती तिने त्या वर्षी पाहिली नाही. घरी आल्यावर तिने पाय पुढे करून मला तेल चोळायला सांगितले आणि म्हणाली, ‘‘घडली गं बाई वारी.’’ ‘मी केली’ असे ती कधी म्हणाली नाही. वारी घडते, दर्शन घडते. वीस-एकवीस दिवस पायी चालून आलेली बाई त्याचे श्रेय स्वतःकडे घेत नाही, आणि तिला ते भाषेनेच शिकवलेले असते. इंग्रजीत मला तिचे वाक्य करायचे झाले तर ‘शी मेड इट’ हेच करावे लागेल आणि त्या वाक्यात आत्या उरणार नाही.

आता ती घरगुती गोष्ट.

माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, तीसेक वर्षे इंग्लंडमध्ये होता. काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीच्या लग्नाला तो येणार होता. त्याचे विमान मुंबईला उतरणार, मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तो सकाळी सोलापुरात उतरणार आणि लग्नघटिकेआधी एक पूर्ण दिवस त्याला मिळणार, असा हिशेब घरातल्या सगळ्यांना पाठ होता. हळदीच्या संध्याकाळी मी नवरीच्या पायांना हळद लावत होते आणि फोन पदराखाली वाजला. दादाच्या कार्यालयातला एक इंग्रज सहकारी त्याला विमानतळावर सोडणार होता. त्याच्याशी माझी आधी एक-दोनदा लिखापढी झाली होती. त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश होता, ‘आय अ‍ॅम सो सॉरी. ही डिडन्ट मेक इट.’

मी वाचले आणि मोठ्याने सांगितले, ‘‘दादाला विमान मिळालं नाही.’’ मावशी म्हणाली, ‘‘तरी मी सांगत होते, लवकर नीघ म्हणून.’’ मी लगेच उत्तर लिहिले की काळजी करू नका, तो पुढच्या विमानाने आला तरी चालेल. माझ्या अंगठ्याची हळद फोनच्या काचेवर लागली होती, ती मी पदराने पुसली. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग चाळीस मिनिटांनी वहिनीचा फोन आला. ती मघापासून मावशीच्या फोनवर लावत होती आणि गाण्यांच्या गलक्यात तो कोणी उचलला नव्हता. विमानतळाच्या वाटेवर गाडीतच दादाच्या छातीत कळ आली होती, रुग्णवाहिका आली होती, रुग्णालयात नेले होते. त्या सहकाऱ्याला वाटले होते की आम्हाला एवढे सगळे आधीच कळले आहे आणि फक्त शेवटचे सांगायचे राहिले आहे.

त्या माणसाने काही चुकीचे लिहिले नव्हते. त्याच्या मनात दादा रुग्णालयाच्या खाटेवर होता आणि त्याला गाठायचे होते ते जगणे. माझ्या मनात दादा विमानतळाच्या रांगेत होता आणि त्याला गाठायचे होते सोलापूर. वाक्य तेच, ‘इट’ निराळे. मी इंग्रजीची शिक्षिका. या वाक्प्रचाराचा तो अर्थ मला माहीत होता, मी तो वर्गात शिकवलाही होता. पण ऐकणाऱ्याच्या मनात जो मुक्काम भरलेला असतो तोच त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो, आणि आमचे घर त्या संध्याकाळी लग्नाने भरलेले होते. माझे ते उत्तर त्या माणसाने कसे वाचले असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. पुढे कधीतरी मी त्याला सविस्तर पत्र लिहिले. त्याने उत्तरात लिहिले की ‘मरण पावला’ हा शब्द लिहिण्याचे धैर्य त्याला त्या क्षणी झाले नव्हते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत डॉक्टरांना शिकवताना नातेवाइकांपाशी असे आडवळणाचे शब्द टाळा, ‘मृत्यू झाला’ असे स्पष्ट सांगा, असे बजावले जाते. ते का, हे मला कोणी वेगळे समजावून सांगायची गरज उरली नाही.

त्याच्या पत्रातला शब्द मी वर ‘मरण पावला’ असा मराठीत केला तेव्हा माझे लक्ष आपल्या ‘पावणे’कडे गेले. मराठीत एका शब्दात पोहोचणे, मिळवणे आणि मरणे हे तिन्ही कुठे एकत्र येत असेल तर ते इथे. पत्र पावते आणि पैसे मिळाल्याची पावती देतात. माणूस कीर्ती पावतो. नवसाला देव पावतो. आणि शेवटी माणूस मृत्यू पावतो. इंग्रज म्हणतो की जो गेला तो पोहोचू शकला नाही. आपली भाषा म्हणते की तो मृत्यूपाशी पोहोचला, त्याने तोही मुक्काम गाठला. बोलताना तर आपण नुसते ‘गेले’ म्हणतो. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, हे मला कळते, पण माझ्या मावशीपुढे ‘तो पोहोचू शकला नाही’ हे वाक्य मी कधीच उच्चारू शकले नसते. तिच्या मुलाला हरलेला ठरवणारे ते वाक्य आहे. ‘दादा गेला गं’ एवढेच तिला सांगितले.

यशाच्या अर्थाने ‘मेड इट’ येते तेव्हा मात्र माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. सोलापुरात पूर्वी ‘मिलमध्ये लागला’ म्हणजे मुलगा मार्गी लागला असे होते. भोंग्यावर जायचे, भोंग्यावर यायचे आणि पगाराच्या दिवशी घरी गोडधोड. मिल एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्याबरोबर ‘लागला’ हा शब्दही विझत गेला. आता आमच्याकडे आईवडील म्हणतात, ‘मुलगा पुण्यात सेटल झाला.’ शब्द इंग्रजीतून आलेला असला तरी हा अर्थ आपण घडवला आहे. त्यात नोकरी, सदनिका आणि बहुधा लग्नही येते, आणि त्यात ‘सोलापुरात नाही’ हेही न बोलता येते. इंग्रजीतही ‘मेक इट’च्या पाठोपाठ लंडन किंवा न्यूयॉर्क असे मोठ्या शहराचे नाव वारंवार येते, तेव्हा ही ओढ एकट्या सोलापूरची नाही. पण आपल्याकडे यश एकट्याचे नसे, याची साक्ष जुने शब्द देतात. मुलगा ‘नाव काढतो’, ते घराण्याचे नाव असते. मुलगी आईबापांचे ‘पांग फेडते’. ‘शी हॅज मेड इट’मध्ये आईबाप कुठेच नसतात. विद्यार्थ्यांना मी हा फरक सांगते आणि कोणता शब्द चांगला ते सांगत नाही. ज्या मुलीला घरच्यांच्या इच्छेविरुद्ध शिकावे लागले आहे तिला ते एकटे, ताठ मानेचे ‘आय मेड इट’ हवेच असते, आणि ते तिला मिळावे असे मला मनापासून वाटते.

जाता जाता, ‘पोहोचलेला माणूस’ हे आपण दोन अर्थांनी म्हणतो, एक सिद्धपुरुष आणि दुसरा पक्का बेरकी. फ्रेंचांचा ‘पार्व्हेन्यू’ही मुळात ‘पोहोचलेला’च, नव्याने श्रीमंत झालेल्याला नाक मुरडून तसे म्हणतात. पोहोचलेल्यांविषयी माणसांच्या मनात संशय असतो, तो बहुधा सगळीकडेच.

यंदा मी तोच धडा पुन्हा घेतला, पण वाक्य बदलले. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1910 साली ते येथे जन्मले आणि 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत ते तिथे राहिले, तिथेच त्यांनी लग्न केले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी ते तिथे वारले. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक बहुतेक मुलांनी बाहेरून पाहिलेले असते. मी फळ्यावर लिहिले, ‘फोर ऑफ द फाइव्ह मेड इट होम. कोटणीस डिडन्ट.’

आता ‘बनवले’ असे कोणी लिहिले नाही, कारण गोष्ट आधी सांगून झाली होती आणि कोणाला कुठे पोहोचायचे होते हे सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्या वाक्याला ‘चौघे सुखरूप घरी आले’ असे उत्तर बहुतेकांनी दिले. ‘सुखरूप’ हा शब्द मी फळ्यावर दिला नव्हता. तो त्यांनी आपल्या घरांतल्या ‘पोचल्यावर फोन कर’मधून आणला होता. दुसऱ्या वाक्यापाशी वर्ग अडला. ‘कोटणीस पोहोचले नाहीत’ असे एकाने म्हटले आणि लगेच स्वतःच मान हलवली. ‘कोटणीस वाचले नाहीत’ हे खरे होते, पण त्यात घर सुटत होते. ‘कोटणीस परत आले नाहीत’ हे मला पटले असते. तेवढ्यात खिडकीजवळ बसणारा, वर्षभरात क्वचितच तोंड उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘कोटणीस तिथंच राहिले.’’

मी ते वाक्य फळ्यावर लिहिले, खाली रेघ ओढली, आणि तास संपल्यावर फळा पुसू नका असे शिपाईमामांना सांगून आले.